कोरी पाटी, कोरी जमीन : प्रेअरीवरच्या दोन कादंबऱ्या



आज तत्त्वज्ञानावर बोलणार नाही, दोन कादंबऱ्यांवर बोलणार, असं मी आयोजकांना कळवलं होतं. पण तीस वर्षं वर्गात लॉक आणि ह्यूम शिकवलेल्या माणसाच्या असल्या आश्वासनावर फार विसंबू नये. लॉक येणारच आहे. थोडा वेळ त्याला बाहेर बसवू.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली शेतकरी कुटुंबं, आणि युरोपातून नुकतीच बोटीवरून उतरलेली कुटुंबंसुद्धा, सगळं बिऱ्हाड एका गाडीत भरून पश्चिमेकडे निघाली. पांढऱ्या कापडाच्या कमानदार छताची ती गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे, सिनेमात. 'द कव्हर्ड वॅगन' नावाचा मूकपट 1923 साली आला, एमर्सन हफच्या कादंबरीवरून. तिथपासून ते चित्र पडद्यावरून उतरलेलंच नाही. पण पडद्यावर एक गोष्ट नीट दिसत नाही. आपल्याकडची दमणी किंवा छकडा म्हणजे माणसं बसून जायची गाडी. ही तशी नव्हे. साधारण दहा फूट लांब, चार फूट रुंद खोका, त्यात टनभर सामान. पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, बियाणं, अवजारं, भांडीकुंडी. त्यात माणसांना जागा कुठली? ओरेगॉनच्या वाटेवरची बहुतेक माणसं ते सुमारे दोन हजार मैल गाडीत बसून गेली नाहीत, गाडीच्या शेजारून चालत गेली. बायका, मुलं, सगळी. बसायची ती आजारी माणसं, किंवा अगदी तान्ही मुलं.

ओरेगॉनची ती मोठी लाट 1843च्या सुमारास सुरू झाली आणि 1869 साली आरपार रेल्वे झाल्यावर ओसरली. मी जिच्याबद्दल बोलणार आहे ती त्यानंतरची, जवळच्या पल्ल्याची हालचाल. 1862 साली लिंकनच्या सहीने होमस्टेड कायदा झाला. 160 एकर जमीन घ्या, पाच वर्षं तिथे राहा, कसा, घर बांधा, जमीन तुमची. फी किरकोळ. ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या शेतावर राबण्यापलीकडे काही पाहिलं नाही, त्याला 160 एकर म्हणजे काय वाटत असेल, हे या सभागृहात मी समजावून सांगायला नको. इथे निम्म्या लोकांच्या घरात दोन एकरांवरून भावाभावांची बोलाचाली बंद आहे. (हशा)

त्या जमिनीवर उभ्या असलेल्या दोन कादंबऱ्या मी निवडल्यात. पहिली लॉरा इंगल्स वाइल्डरची 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी', 1935ची. मुलांसाठी लिहिलेली, जगभर वाचली गेलेली. दुसरी ओले रोल्वागची 'जायंट्स इन द अर्थ'. ही मूळ नॉर्वेजियन भाषेत 1924 आणि 25 साली दोन भागांत आली आणि 1927 साली इंग्रजीत. दोन्हींत गाडी आहे, दोन्हींत उत्साही नवरा आहे, दोन्हींत मनातून नाखूश बायको आहे. दोन्हींत 'नव्याने सुरुवात' हा शब्द पुस्तकभर ऐकू येतो, कुणी तो उच्चारो न उच्चारो.

मला या पुस्तकांना एकच प्रश्न विचारायचाय. गाडी जिथे थांबली, तिथे आधीपासून काय होतं? आणि जे होतं ते पुस्तकाला दिसतं का?

आता लॉकला आत बोलवू. जॉन लॉक मनाबद्दल म्हणतो की ते जन्मतः कोऱ्या कागदासारखं असतं. आपण मराठीत 'कोरी पाटी' म्हणतो. हा लॉक सगळ्यांना ठाऊक असतो. पण याच लॉकला जमीनही कोरी दिसत होती. त्याच्या राज्यव्यवस्थेवरच्या दुसऱ्या निबंधात मालमत्तेवर एक प्रकरण आहे. युक्तिवाद साधा आणि मोहक आहे. माझं शरीर माझं, म्हणून माझे कष्ट माझे. निसर्गात पडलेल्या वस्तूत मी कष्ट मिसळले की ती वस्तू माझी, फक्त दुसऱ्यांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. मग जमीन कोणाची? जो नांगरतो, पेरतो, राखतो त्याची. आणि उदाहरण म्हणून पुन्हा पुन्हा येते अमेरिका. तिथला इंडियन हरीण मारतो, तर ते हरीण त्याचं, हे लॉक मोकळेपणी मान्य करतो. हरीण त्याचं. पण ज्या रानात ते चरलं ते रान? ते मात्र कोणाचंच नाही. का, तर त्याला नांगर लागला नाही.

मी हे तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर सफरचंदाचं झाड काढायचो, खाली हरीण काढायचो. मुलं हसायची, कारण माझं हरीण शेळीसारखं दिसायचं. पण एकाही वर्षी मी असं विचारलं नाही की शिकार करणं, शिकारीसाठी गवत जाळून कोवळा चारा उगवू देणं, ऋतूप्रमाणे मुक्काम हलवणं, हे कष्ट का नव्हेत? लॉक हा कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा सचिव म्हणून काम करून आलेला माणूस होता. अमेरिकेचं उदाहरण त्याला हवेतून सुचलेलं नव्हतं. हेही मला माहीत होतं, पण परीक्षेला येत नसे म्हणून सांगत नसे.

खरं तर मराठी माणसाला इथे अडखळायला व्हायला हवं. आपल्याकडे 'गायरान' हा शब्द आहे. गायरान नांगरलेलं नसतं, त्याला कुंपण नसतं, त्यावर एकाची मालकी नसते. म्हणून ते मोकळं आहे का? त्यात कोणी झोपडं उभं केलं तर गाव त्याला नवी सुरुवात म्हणत नाही. अतिक्रमण म्हणतं. आपल्या भाषेला रिकामी जमीन आणि सर्वांची जमीन यांतला फरक कळतो. तरी मी लॉक शिकवताना हा शब्द मला एकदाही आठवला नाही. इंग्रजीतून शिकलो की इंग्रजीतून विसरतो आपण.

आता वाइल्डरबाई.

गोष्ट अशी. विस्कॉन्सिनच्या जंगलात गर्दी वाढली म्हणून बाबा इंगल्स बायको आणि मुलींना घेऊन कॅन्ससमध्ये येतात. उंच गवत, मोठं आकाश. इंडिपेंडन्स या गावापासून दूर ते आपल्या हातांनी लाकडाचं घर बांधतात. हे घर बांधणं हा या पुस्तकाचा प्राण आहे, आणि मी इथे मनापासून दाद देतो. ओंडक्याला खाच कशी पाडायची, दाराला लोखंडी खिळे न वापरता लाकडी खुंट्या कशा ठोकायच्या, चामड्याच्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या कशा करायच्या, आतल्या लाकडी खिटीला बांधलेली दोरी दाराबाहेर काढली की दार बाहेरून कसं उघडतं, इतकं बारकाईने लिहिलेलं आहे की वाचून झाल्यावर सुतार घरात येऊन गेल्यासारखं वाटतं. ओंडका निसटून आईचा पाय चेंगरतो. विहीर खणताना शेजारी मेणबत्ती खाली सोडून हवा तपासायचा कंटाळा करतो आणि खाली विषारी वायूने बेशुद्ध पडतो. काम म्हणजे काय, हे मुलांना सांगणारी इतकी चांगली पुस्तकं मी फार पाहिलेली नाहीत.

आणि हेच लॉकचं प्रकरण आहे, बरं का. पानापानावर कष्ट मिसळणं चाललंय. पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या मनात नकळत कागद तयार होतो. एवढं राबले, मग घर त्यांचं नाही तर कोणाचं?

घर कोणाचं होतं ते आता सांगतो. हे कुटुंब 1869 ते 71 या काळात कॅन्ससच्या मॉन्टगोमेरी कौंटीत राहिलं. ती जमीन ओसेज लोकांची राखीव जमीन होती. होमस्टेड कायदा तिथे लागूच नव्हता. 1870च्या शिरगणतीच्या कागदांत त्या वस्तीबद्दल स्पष्ट नोंद आहे की जमीन ओसेज इंडियनांची असून वस्ती करणाऱ्यांना तिच्यावर हक्क नाही. थोडक्यात सातबारा नव्हता. कादंबरीत घर गावापासून 40 मैलांवर आहे, पुढे संशोधकांनी शोधलेली खरी जागा तेरा-एक मैलांवर निघाली. लॉराचा जन्म फेब्रुवारी 1867चा. म्हणजे तिथे असताना ती दोन ते चार वर्षांची होती. पुस्तकातली लॉरा त्याहून मोठी आहे. तेव्हा ही आठवण आहे असं आपण म्हणतो तेव्हा ती बरीचशी आई-वडिलांनी चुलीपाशी सांगितलेल्या गोष्टींची आठवण आहे. शिवाय हस्तलिखितावर मुलगी रोझ वाइल्डर लेन हिचा हात फिरलेला. रोझ व्यक्तिस्वातंत्र्याची कडवी प्रचारक होती, आणि सरकारी मदत म्हणजे पाप, हे या काळात मायलेकी दोघींचंही मत होतं. मंदीचा काळ, रूझवेल्टचं सरकार. आणि गोष्ट कोणत्या माणसांची? ज्यांना जमीन सरकारने द्यायची, ज्यांच्यासाठी रेल्वे सरकारने जमिनी देऊन आणायची आणि ज्यांच्यासाठी लोकांना हुसकायचं तेही सरकारी सैन्यानेच, अशांची.

इथवर आलं की अनेक समीक्षक पुस्तक बंद करतात. मी करत नाही, आणि इथे माझा त्यांच्याशी वाद आहे. कारण हे पुस्तक स्वतःच्या विचारापेक्षा जास्त पाहतं.

तीन जागा सांगतो. पहिली. बाबा घर बांधतात ते एका पायवाटेच्या अगदी शेजारी. त्यांना वाटतं जुनी, मोडलेली वाट असेल. मग एके दिवशी त्या वाटेवरून माणसं येऊ लागतात. वाट वापरातली असते. वाट म्हणजे तरी काय हो? कित्येक पिढ्यांच्या पायांनी लिहिलेला मालकीचा कागद. लेखिकेने त्यावर एक शब्द भाष्य केलेलं नाही. पण वाट ठेवलीय, ती दाराशीच ठेवलीय, आणि बाबांची चूकही ठेवलीय.

दुसरी. बाबा मुलींना इंडियनांची रिकामी छावणी पाहायला नेतात. राखेच्या जागा, तंबूंच्या खांबांची भोकं, बायकांच्या पावलांचे ठसे. बाबा हे ठसे वाचून दाखवतात, कोण कुठे बसलं, काय शिजवलं. मुलींना धुळीत रंगीत मणी सापडतात. घरी आणून ते धाकट्या बहिणीसाठी दोऱ्यात ओवतात. छावणी रिकामी का? ओसेज वर्षातून दोनदा गव्यांच्या शिकारीला लांब जात, परत येत. गाव सोडून गेलेले नव्हते ते, कामावर गेलेले होते. आपण ऊसतोडीला गेलेल्या माणसाच्या घराला ओसाड म्हणतो का? लेखिकेला हे ठाऊक होतं की नाही, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. मण्यांची माळ मात्र त्या बाळाच्या गळ्यात आहे, आणि वाचणाऱ्याला ती खुपते.

तिसरी जागा सगळ्यांत मोठी. शेवटी ओसेज निघून जातात. घोड्यांची रांग सकाळपासून दारावरून जात राहते, संपतच नाही. छोटी लॉरा दारात उभी राहून पाहतेय. एका घोड्याच्या बाजूला टोपलीत बाळ आहे, काळ्याभोर डोळ्यांचं. त्या बाळाची आणि लॉराची नजर भिडते आणि ती हट्ट धरते, मला ते बाळ हवं. रडते, हुंदके देते. आई म्हणते, आपल्याकडे आपलं बाळ आहे ना. तिला काय हवंय ते तिला सांगता येत नाही. दुसऱ्याचं जे आहे ते हवं असणं आणि दुसऱ्यापासून तुटणं सहन न होणं, या दोन्ही गोष्टी एकाच रडण्यात आहेत. संपूर्ण अमेरिकी पश्चिमेवरच्या लेखनात याच्याइतकं खरं पान मला क्वचित सापडलं. मोठ्यांसाठीच्या कादंबरीत लेखक हे पान समजावून सांगत बसला असता. इथे रांग निघून जाते, घरात कोणाला जेवावंसं वाटत नाही, एवढंच.

आता ती प्रसिद्ध दुरुस्ती. मूळ आवृत्तीत सुरुवातीलाच एक वाक्य होतं, त्याचा आशय असा की त्या प्रदेशात माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत. 1952 साली एका वाचकाने प्रकाशकांना पत्र लिहून याकडे लक्ष वेधलं. वाइल्डरबाई तेव्हा 85 वर्षांच्या होत्या. त्यांनी आपली चूक कबूल केली आणि 1953च्या आवृत्तीत 'माणसं'च्या जागी 'वसाहतकरी' असा शब्द आला. लोक म्हणतात, बरं झालं. मलाही आधी तसंच वाटलं. पण नीट बघा. आधीचं वाक्य चूक होतं, आणि म्हणूनच ते पुस्तकाचा पाया उघडा करत होतं. 160 एकरांची सगळी व्यवस्था त्या वाक्यावर उभी होती. दुरुस्त वाक्यात अपमान गेला, पाया तसाच राहिला, फक्त त्यावर गिलावा झाला. मुलांच्या हातात दुरुस्त आवृत्तीच द्यावी, यात मला शंका नाही. मोठ्यांनी मात्र जुनं वाक्य माहीत ठेवावं.

शेवटाबद्दल एक सांगून पुढे जातो. कादंबरीत बाबांना कळतं की सैनिक येऊन वस्ती उठवणार. ते संतापतात, सरकारने फसवलं म्हणतात, आणि कोणी घालवण्याआधी स्वतःच निघतात. नांगर गाडीत मावत नाही, तो शेतातच राहतो. दाराची दोरी बाहेर काढून ठेवतात, कोणी वाटसरू आला तर त्याला आसरा मिळावा म्हणून. सुंदर आहे हे. घडलं मात्र उलट. जुलै 1870मध्येच ती जमीन वस्ती करणाऱ्यांना एकरी सव्वा डॉलरने विकायचा कायदा झाला होता. ओसेजना जावं लागलं, वसाहतकऱ्यांना नाही. इंगल्स कुटुंब परतलं, कारण विस्कॉन्सिनचं घर ज्याला विकलं होतं त्याला पैसे भागवणं जमेना. म्हणजे कादंबरीने काय केलं? ओसेज लोकांवर आलेलं विस्थापन उचललं आणि इंगल्स कुटुंबाच्या वाट्याला दिलं. हिसकावणाऱ्याचंच हिसकावलं गेलं. करुणरसाची ही चोरी मला पुस्तकातल्या सगळ्या वर्णद्वेषी संवादांपेक्षा गंभीर वाटते, कारण संवाद लगेच लक्षात येतात आणि हिच्यावर आपण रडतो. ओसेज पुढे इंडियन टेरिटरीत, आजच्या ओक्लाहोमात गेले. त्या जमिनीखाली तेल निघालं आणि त्यापायी त्यांच्यावर काय गुजरलं, ते स्कॉर्सेसीच्या सिनेमात तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. वाइल्डरबाईंनी हे पुस्तक लिहिलं ते त्या खुनांनंतर.

आता रोल्वाग, म्हणजे दुसरं टोक. वाइल्डरमध्ये धोका गाडीच्या बाहेर आहे. रोल्वागमध्ये तो गाडीच्या आत बसून आलेला आहे.

ओले रोल्वाग 1876 साली नॉर्वेच्या एका बेटावर कोळ्यांच्या घरात जन्मला, 1896 साली अमेरिकेत आला, पुढे मिनेसोटात सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन शिकवायचा. अमेरिकेत राहून तो लिहीत राहिला ते मात्र आपल्याच भाषेत. परदेशातल्या आपल्या मराठी मंडळांनी हा लेखक जरूर वाचावा. 1873 साली डाकोटा टेरिटरीत आलेल्या चार नॉर्वेजियन कुटुंबांची ही गोष्ट. पेर हान्सा, त्याची बायको बेरेत, मुलं. कादंबरी उघडते तेव्हा त्यांची गाडी मागे पडलीय, सोबतचे पुढे गेलेत, आणि गवताच्या समुद्रात रस्ता हरवलाय. पेर हान्सा कोळी आहे, त्याला हे पाण्यासारखंच वाटतं, हुरूप येतो. बेरेतला पहिल्या दिवशी जे वाटतं ते पुस्तक संपेपर्यंत जात नाही. इथे लपायला काहीच नाही, कशाच्या आडोशाला उभं राहायचं?

या पुस्तकात वस्तू बोलतात, आणि सगळ्यांत जास्त बोलतो तो एक पेटारा. बेरेतच्या माहेरचा, पिढ्यान्पिढ्या आलेला मोठा लाकडी पेटारा. 'नव्याने सुरुवात' म्हणणाऱ्याने हा जुना पेटारा समुद्रापार का आणला? पहिल्या हिवाळ्यात, दिवस भरत आलेले असताना, बेरेत मनाशी ठरवते की आपल्याला याच पेटाऱ्यात पुरावं. पुढे टोळधाड येते. 1870च्या दशकातली ती टोळधाड ऐतिहासिक आहे, वाइल्डरच्याही एका पुस्तकात ती आहे. शेतातलं पीक खाल्लं जात असताना पेर हान्सा घरी येतो तर दार आतून लावून पेटाऱ्याने अडवलेलं, आणि बेरेत लेकराला घेऊन त्या पेटाऱ्यात बसलेली. नंतर एक धर्मोपदेशक फिरत येतो, त्या घरात उपासना करतो, तेव्हा वेदी म्हणून तोच पेटारा. ज्यात मरायचं ठरवलं होतं त्याच्यापुढे गुडघे टेकून ती थोडी माणसांत येते.

आणखी एक गाडी या कादंबरीत येते. एक कुटुंब वाटेवर मुक्कामाला थांबतं. बाई गाडीत दोरीने बांधलेली आहे. तिचं लहान मूल वाटेत मेलं, माळावर पुरलं, नवऱ्याला पुढे जायचं होतं. बाई पुन्हा पुन्हा त्या खड्ड्याकडे परत जाऊ बघते म्हणून बांधलीय. सकाळी गाडी पुढे निघते, पश्चिमेकडेच. बाकी सगळा अमेरिकी आशावाद मी या एका गाडीच्या बदल्यात देऊन टाकेन.

मात्र मला ज्या प्रसंगाबद्दल जास्त बोलायचंय तो खुंट्यांचा. पेर हान्साला आपल्या दोस्तांच्या जमिनीवर हद्दीच्या लाकडी खुंट्या सापडतात, त्यांवर आयरिश नावं. म्हणजे कोणीतरी आधीच दावा सांगून गेलंय. तो कोणाला न सांगता खुंट्या उपटतो, घरी आणून लपवतो, जाळतो. पुढे आयरिश लोक येतात तेव्हा उघड होतं की त्यांनी सरकारी कचेरीत नोंद केलेलीच नव्हती. पेर हान्सा जिंकतो, सगळे त्याच्या हुशारीवर खूश. बेरेत मात्र हादरते. बांध कोरणारा माणूस आपल्याकडे गावाच्या नजरेतून उतरतो. नॉर्वेच्या लोककथांत तर शिवेचा दगड हलवणाऱ्याला मेल्यावरही शांती मिळत नाही, तो भूत होऊन दगड ओढत राहतो. बेरेतचं म्हणणं, कायदा काय म्हणतो ते सोडा, तुम्ही खुंटी उपटलीत तेव्हा तुम्हाला कुठे माहीत होतं ती खोटी आहे म्हणून? तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर निकालाने कृती धुतली जात नाही. कादंबरी बेरेतला मनोरुग्ण ठरवते, शेजारीही ठरवतात, आणि त्या सगळ्यांत नैतिक प्रश्न विचारणारी ती एकटी आहे.

आणि तरीही. पेर हान्साच्या स्वतःच्या जमिनीवर, घराजवळच्या टेकडीवर, एक इंडियन कबर आहे. रोल्वाग ती सुरुवातीला दाखवतो. तिथून जाणारे इंडियन मुक्काम करतात, पेर हान्सा त्यांच्यातल्या एकाच्या सडत चाललेल्या हातावर उपचार करतो, तो माणूस त्याला घोडं देतो. उदार प्रसंग आहे. पण त्यानंतर? आयरिश माणसाच्या लाकडी खुंटीवरून दोन जिवांच्या संसारात भेग पडते, आणि त्या टेकडीवरची सगळ्यांत जुनी हद्दखूण, माणूस पुरलेली, तिच्याबद्दल बेरेतलासुद्धा हाच प्रश्न पडत नाही. तिला ती कबर भितीदायक वाटते, कोणाची आहे असं वाटत नाही. इतकी बारीक विवेकबुद्धी असलेल्या बाईलाही खुंटी दिसली ती नाव लिहिलेली होती म्हणून. या मोठ्या कादंबरीचा हा आंधळा ठिपका आहे, आणि तो लहान नाही.

हॅना आरेंटने म्हटलंय की नवं काही सुरू करता येणं हेच माणूसपण. तिचं हे म्हणणं भाषणांत फार वापरलं जातं. त्याला जोडूनच ती जे म्हणते ते कमी वापरलं जातं, की प्रत्येक सुरुवात आधीच विणलेल्या नात्यांच्या जाळ्यात येऊन पडते, आणि म्हणून ती सुरू करणाऱ्याच्या मनासारखी कधी होत नाही. बाबा इंगल्सचं घर वाटेच्या कडेला पडलं. पेर हान्साचं कबरीशेजारी. वाइल्डरने वाट आणि माणसं पाहिली, मुलाच्या नजरेने, आणि त्यांचा अर्थ लावायचं टाळलं. रोल्वागने गाडीतलं मन पाहिलं, तळापर्यंत, आणि बाहेरच्या माणसांना पाहुणे म्हणून आणून परत पाठवलं. मला विचाराल तर रोल्वाग मोठा लेखक आहे, यात तुलनाच नाही. पण आमचा प्रश्न 'आधी काय होतं' हा असेल, तर ज्याची उत्तरं शोधायला जास्त मिळतात ते पुस्तक वाइल्डरचं आहे. हे लेखिकेचं श्रेय किती, हे सांगणं अवघड. हात खरा असला की मत खोटं असूनही काहीतरी खरं उतरतं, असं कधी कधी होतं.

एक माणूस मी मघाशी सोडला. कॅन्ससमध्ये सगळं इंगल्स कुटुंब हिवतापाने अंथरुणाला खिळतं तेव्हा त्यांना वाचवतो तो डॉक्टर काळा आहे. पुस्तकात तो डॉक्टर टॅन, खरं नाव डॉक्टर जॉर्ज टॅन, आणि तो ओसेज लोकांवरही उपचार करायचा. गुलामगिरी संपून पाच वर्षं झालेली. लॉरा पहिल्यांदाच काळा माणूस पाहते आणि घाबरता घाबरता तिला तो आवडतो. म्हणजे त्या 'रिकाम्या' माळावर किती प्रकारची माणसं होती बघा. नॉर्वेजियन, आयरिश, काळे, आणि ज्यांचा माळ होता ते.

2018 साली अमेरिकेतल्या बालग्रंथालय संघटनेने वाइल्डर यांच्या नावाने दिला जाणारा बालसाहित्याचा पुरस्कार नावासकट बदलला. त्यावरून बरीच आरडाओरड झाली. पुरस्काराचं नाव म्हणजे मान असतो, आणि तो मान घ्यायला एखाद्या मूळनिवासी लेखिकेने व्यासपीठावर का चढावं, हा प्रश्न रास्त आहे. नाव बदललं ते मला पटतं. त्यावरून पुस्तक कपाटातून काढणं पटत नाही. माझ्या नातीने, ती तिकडेच वाढतेय, नऊ वर्षांची असताना हे पुस्तक वाचलं. मी फोनवर विचारलं, कसं वाटलं. घर बांधण्याबद्दल ती भरभरून बोलली. मग म्हणाली, "आजोबा, ते घोड्यांवरचे लोक गेले कुठे? पुढच्या पुस्तकात येतात का?" मी म्हटलं, नाही येत. ती म्हणाली, मग त्यांचं पुस्तक कुठलंय? मला तेव्हा एकही नाव सांगता आलं नाही. पीएचडी तत्त्वज्ञानातली. नंतर शोधलं तेव्हा लुईस अर्ड्रिकची 'द बर्चबार्क हाऊस' सापडली, 1999ची. लेखिका स्वतः ओजिब्वे वंशाची. 1847 सालातल्या सुपीरियर सरोवराकाठची एक मुलगी, तिचं घर, तिची आजी, आणि त्यांच्याकडे सरकत येणारी वसाहत. ओसेजची गोष्ट नाही ती, पण पाहण्याची बाजू बदलते. तिने ती वाचली. दोन्ही पुस्तकं आता तिच्या फळीवर शेजारी शेजारी आहेत, आणि मी मागच्या वेळी गेलो तेव्हा जास्त चुरगळलेलं वाइल्डरचंच होतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

रोल्वागच्या शेवटाबद्दल राहिलं. 1880-81चा तो भयंकर हिवाळा. मित्र मरणाला टेकलाय, त्याला धर्मोपदेशक हवाय, आणि बेरेतच्या आग्रहापायी पेर हान्सा हिमवादळात स्की घालून निघतो. जाताना दोघं नीट बोलत नाहीत. मे महिन्यात बर्फ वितळल्यावर पोरांना तो सापडतो, गवताच्या जुन्या गंजीला टेकून बसलेला. तोंड पश्चिमेकडे. यावर अमेरिकी टीकाकारांनी पुष्कळ लिहिलंय, पश्चिमेचं स्वप्न वगैरे. मला एवढंच दिसतं की लपायला आडोसा नाही असं बायको म्हणत होती, आणि शेवटी त्याने गवताच्या गंजीचा आडोसा घेतला होता.

वेळ झाली अशी चिठ्ठी दोनदा आलीय. प्रश्न असतील तर घेऊ. लॉकवर विचारलंत तरी चालेल, हरीण काढून दाखवणार नाही.